आलं कोवळं, जून आणि वाळलेलं

सुंठ म्हणजे वाळवलेलं आलंच, म्हणून चमच्याला चमचा बदलून चालेल, असं बऱ्याच घरांत धरलं जातं. तसं करू नका. ताज्या आल्यात पाचातले चार भाग पाणी असतं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची सुंठ घेतली की मात्रा चार-पाच पट होते. शिवाय वाळताना आतलं रसायनही पालटतं. ओल्या आल्याचा तिखटपणा मुख्यतः जिंजेरॉलचा. उष्णतेनं त्यातला पाण्याचा रेणू निघून जातो आणि शोगॉल तयार होतं, ते जास्त जहाल. सुंठ घशाला झोंबते ती म्हणून. उलट आलं उकळलं, शिजवलं की थोडं जिंजेरॉल झिंजेरोनमध्ये बदलतं आणि तिखटपणा उतरतो.

वयाचाही फरक पडतो. आपल्याकडे सातारा भागात उन्हाळ्यात लावलेलं आलं पाच-सहा महिन्यांत काढलं तर कोवळं, पातळ सालीचं, जवळजवळ बिनरेषांचं मिळतं. लोणच्याला तेच घ्यावं, आणि दात कमकुवत असलेल्या आजी-आजोबांनाही तेच द्यावं. पाला पिवळा पडून वाळेपर्यंत, म्हणजे आठ-नऊ महिने, कंद जमिनीत राहिला की रेषा वाढतात. सुंठ करायला असंच जून आलं लागतं.

सोलतानाही हात आखडता ठेवा. सुगंधी तेलाच्या पेशी सालीलगत दाट असतात, सुरीनं जाड साल काढली की वास कचऱ्यात जातो. चमच्याच्या कडेनं खरवडलेलं पुरतं.

गरोदरपणातल्या मळमळीवर झालेल्या अभ्यासांत बहुधा दिवसाला एक ग्रॅम सुंठपूड, तीही विभागून, दिलेली आहे. एवढ्यानं बऱ्याच जणींना आराम पडतो, पण आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्या. पाणीही पोटात ठरत नसेल तर सुंठ चाटत बसू नका, दवाखाना गाठा. वॉर्फरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, पित्ताशयात खडे असतील किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल, तर रोजचा काढा नि पूड डॉक्टरांच्या कानावर घाला. फोडणीतल्या आल्याची धास्ती नको. जळजळ होणाऱ्यांनी मात्र रिकाम्या पोटी सुंठ टाळावी.

विकत घेताना अखंड सुंठ घ्या आणि लागेल तेवढीच कुटा, कारण पूड ठेवली की तेल उडतं. फार पांढरीशुभ्र दिसली तर ती चुन्याच्या निवळीत बुडवलेली असू शकते. मातकट, सालीचे डाग असलेली सुंठ मला जास्त पटते.