चर्चापानावरील परखडपणा

दौंड

चि. भाचीस,

मराठी विकिपीडिया हा मुक्त ज्ञानकोश २००३ सालापासून चालू असून त्यात विनामोबदला लिहिणारे आणि इतरांनी लिहिलेले तपासणारे सदस्य एकमेकांना बहुधा कधीच भेटलेले नसतात. त्यामुळे प्रत्येक लेखाला जोडलेले चर्चापान, म्हणजे त्या लेखातील मजकुराविषयी वाद घालण्याची जागा, एवढ्यावरूनच त्यांची एकमेकांविषयीची मते बनतात. शिरूर आणि दौंड तालुक्यांविषयी लिहू पाहणाऱ्या भाचीने या पानावरची भाषाही लेखाच्या भाषेइतकीच काळजीपूर्वक आत्मसात करावी.

अष्टविनायकांपैकी रांजणगावचा गणपती शिरूर तालुक्यात आहे, यात वाद नाही. परंतु सिद्धटेकला जाणारे अनेक भाविक रेल्वेने दौंडला उतरत असल्यामुळे एखादा नवा सदस्य तेही देवस्थान दौंड तालुक्यात घालतो, वास्तविक ते भीमेच्या उत्तर तीरावर, अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात आहे. यावर ‘तालुका ठाऊक नसेल तर लिहिता कशाला’ असे विचारणारा आणि ‘सिद्धटेक कर्जत तालुक्यात येते, दौंड हे केवळ सोयीचे स्थानक आहे, म्हणून वाक्य बदलले’ असे नोंदवणारा, असे दोघेही परखडच असतात. मात्र पहिल्याच्या वाक्यात दुरुस्तीला उपयोगी पडेल असे काहीही नसते. ‘लेख छान, भूगोल एकदा पाहावा’ हा तिसरा प्रकार सौजन्य म्हणून खपून जातो आणि तो पहिल्याहून फारसा बरा नाही, कारण चूक नेमकी कोठे आहे हे कोणालाच कळत नाही आणि ती पुढे शाळकरी मुलांच्या वह्यांत उतरते.

याहून कठोर, आणि तरीही वरकरणी शांत, असते ते कारण न देता उलटवणे, म्हणजे दुसऱ्याने केलेला बदल काढून पूर्वीची आवृत्ती परत आणणे. बीड जिल्ह्यात शिरूर कासार आहे, लातूर जिल्ह्यात शिरूर अनंतपाळ आहे, आणि घोडनदीकाठचे शिरूर तिसरे. यांपैकी एकाची माहिती दुसऱ्याच्या लेखात जाणे अगदी साहजिक असते, परंतु ती मुकाट्याने काढून टाकली गेली की लिहिणाऱ्याला त्यात आकस दिसतो. लेखाच्या इतिहासात प्रत्येक आवृत्ती जपली जात असल्यामुळे कारणाची एक ओळ लिहिण्याइतका वेळ नेहमीच असतो.

कडक टीका ही मराठीची परंपराच आहे, असा युक्तिवाद निबंधमालेचे नाव घेऊन केला जातो. १८७४ साली सुरू झालेल्या त्या मासिकातून विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी लोकहितवादींसारख्या प्रतिष्ठित लेखकावर शस्त्र चालवले, हे खरे. परंतु पहिला परिच्छेद लिहून बसलेला स्वयंसेवक म्हणजे लोकहितवादी नव्हे, आणि दुखावल्यावर तो प्रत्युत्तर देत बसत नाही, लिहिणेच थांबवतो. लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांची तिखट भाषाही बरीच वर्षे गुणवत्तेची किंमत म्हणून खपवून घेतली गेली; अखेर २०१८ साली त्यांनी स्वतःच्या वर्तनाबद्दल जाहीर माफी मागितली आणि त्या प्रकल्पाने आचारसंहिता स्वीकारली. दरम्यान किती जण निघून गेले, हे कोणत्याही इतिहासात नोंदले जात नाही.

भाचीच्या मजकुरावर आक्षेप येतील तेव्हा त्यातील माहिती वेगळी काढून तिला संदर्भासह उत्तर द्यावे आणि उरलेल्या शब्दांना उत्तरच देऊ नये. वैयक्तिक शिवीगाळ झाली तर ती प्रचालकांकडे, म्हणजे लेख वगळण्याचे आणि सदस्यांना प्रतिबंध करण्याचे अधिकार असलेल्या सदस्यांकडे, न्यावी. मात्र पाबळच्या विज्ञान आश्रमावर लिहिताना डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये केलेली स्थापना आणि तेथील शिक्षणपद्धती यांऐवजी संस्थेच्या पत्रकातील स्तुतीच उतरवली गेली, तर ‘ही जाहिरात आहे’ असा शेरा येईल, आणि तो कितीही रूक्ष असला तरी बरोबर असेल.

कळावे.

मामाचे आशीर्वाद