पूर ओसरल्यानंतर : संकटकाळी मनाचा समतोल

चंदगड हा कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा, अतिवृष्टीचा तालुका. भात, नाचणी, ऊस आणि काजू यांवर येथील अनेक कुटुंबांचा चरितार्थ चालतो. जो पाऊस ही शेती फुलवितो, तोच कधी ती हिरावूनही नेतो. 'स्वामी'कार रणजित देसाई यांच्या कोवाड गावाने २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये ताम्रपर्णी नदीच्या पुराचा तडाखा सोसला. पूर ओसरला की चिखल उपसता येतो, पंचनामे होतात, मदतीचे वाटप होते. परंतु दोन वर्षांत दुसऱ्यांदा दुकान किंवा पीक गमावणाऱ्याच्या मनाचा पंचनामा सहसा होत नाही.

समतोल म्हणजे काय?

संकटात न रडणे, न घाबरणे म्हणजे समतोल, असा एक गैरसमज आहे. झोप उडणे, भूक मंदावणे, चिडचिड होणे या हानीच्या स्वाभाविक प्रतिक्रिया होत. आधार मिळाल्यास बहुतेकांच्या बाबतीत त्या काळाबरोबर निवळतात. १६३० च्या सुमारासच्या भीषण दुष्काळात संत तुकारामांचा व्यापार बुडाला, घरात मृत्यू आला. त्यांनी ते दुःख लपविले नाही. अभंगांतून बोलून दाखविले. दुःख असूनही आजचे काम ओळखता येणे व ते करता येणे, हाच खरा समतोल होय.

अडचणींची वाटणी

मोठे संकट एकसंध दिसते, म्हणूनच ते असह्य वाटते. त्याची तीन भागांत वाटणी करावी. भिजलेली कागदपत्रे वाळविणे, नुकसानीची नोंद करविणे ही आजची कामे. बँकेकडे कर्जाच्या पुनर्गठनाची चौकशी करणे, बियाण्याची तजवीज करणे ही महिन्याभरातील कामे. पुढील वर्षीचा पाऊस मात्र कोणाच्याच हाती नाही. त्याची चिंता वेगळी काढून ठेवावी. पहिल्या धक्क्यात जमीन विकण्यासारखे निर्णय शक्यतो घेऊ नयेत. जेवणाची व झोपेची वेळ पाळावी. मद्याने झोप लागल्यासारखे वाटते, पण ती गाढ नसते आणि दुसऱ्या दिवशी मन अधिकच खचते. छाती धडधडू लागल्यास श्वास सावकाश, लांबवून सोडल्याने शरीर शांत होते.

गावाची जबाबदारी

समतोल राखणे हे एकट्याचे काम नव्हे. आपद्ग्रस्तांना मानसिक प्रथमोपचार देण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने तीन पायऱ्या सांगितल्या आहेत : पाहणे, ऐकणे आणि योग्य मदतीशी जोडून देणे. 'इतरांचे याहून अधिक गेले' असे म्हणून सांत्वन होत नाही; बोलणाऱ्याचे तोंड मात्र बंद होते. पंचायत सदस्याने मदतीच्या यादीबरोबरच घडीभर ऐकण्याचा वेळही सोबत न्यावा. शाळा लवकर सुरू झाली की मुलांच्या दिवसाला पुन्हा वळण लागते. एकाएकी अबोल झालेल्या मुलाकडे शिक्षकांनी विशेष लक्ष द्यावे.

उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, कामावरून मन उडाले, तर वैद्यकीय सल्ला घ्यावा. कोणी जगण्याचा कंटाळा बोलून दाखविल्यास त्याला स्पष्टपणे, आपुलकीने विचारावे. विचारल्याने तसा विचार बळावत नाही. अशा व्यक्तीस एकटे सोडू नये व घरातील कीटकनाशके कुलूपबंद ठेवावीत. २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'टेली मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य सल्ला मिळतो. हा क्रमांक ग्रामपंचायतीच्या व शाळेच्या फलकावर ठळकपणे लिहिलेला असावा.

धरणाचा विसर्ग आणि नदीची पातळी यांची नोंद गावोगाव ठेवली जाते. कोणत्या घरातील माणूस आतून बुडत आहे, याकडेही तितक्याच जागरूकतेने पाहिले गेले, तर पुराने नेलेले पुन्हा उभे करणारे हात शाबूत राहतील.