वर्गात खेळच चालले, तर इंग्रजी येणार कधी?

प्रश्न : माझा मुलगा मराठी शाळेत सहावीत आहे. पहिलीपासून इंग्रजी शिकतो, प्रश्नोत्तरं तोंडपाठ असतात. पण समुद्रावर फिरायला आलेल्या कुणी इंग्रजीत दोन शब्द विचारले की गप्प होतो. यंदा नव्या बाई आल्या आहेत. त्या मुलांना उठवतात, बसवतात, जोड्या करून चिठ्ठ्या वाटतात. वर्गात नुसता गलका, आणि वही कोरी. याला शिकवणं म्हणायचं का? – एक वाचक, कळंब

उत्तर : ताई, तुमच्या प्रश्नात दोन शंका आहेत. इतकी वर्षं शिकूनही बोलता का येत नाही, ही एक. आणि खेळून ते येईल का, ही दुसरी. पहिली उलगडली की दुसरी फारशी अवघड राहत नाही.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. तेव्हा वर्षं काही कमी पडलेली नाहीत. कमी पडते ती बोलण्याची गरज. ‘व्हेअर इज द बुक?’ असं बाई विचारतात तेव्हा पुस्तक सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतं. विचारणाऱ्याला जे आधीच ठाऊक आहे, ते सांगायची निकड मुलाला कशी वाटावी? ते उत्तर पाठ करतं, पेपरात उतरवतं आणि मोकळं होतं. आधीच्या पिढ्यांनी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी घोटलं. त्यांचं वाचन-लेखन पक्कं झालं, आणि ते मुळीच कमी मोलाचं नाही. पण भाषांतर करताना विचाराला सवड असते; समोरचा माणूस उत्तरासाठी थांबलेला असताना ती नसते. बोलण्याचा सराव बोलूनच व्हावा लागतो.

तुमच्या भागातली मुलं हे एरवी सहज करतात. घरी वाडवळी, सामवेदी किंवा कोळी बोली, शाळेत प्रमाण मराठी, नालासोपाऱ्याच्या बाजारात हिंदी. बाजारातली हिंदी व्याकरणाच्या पुस्तकातून आलेली नसते. भाव करायचा असतो, सुटे मागायचे असतात, म्हणून ती येते. चांगला वर्गखेळ अशीच गरज चार भिंतींत उभी करतो.

आता बाईंची उठाबस. ‘स्टँड अप’, ‘टच युअर नोज’ अशा आज्ञा ऐकायच्या आणि कृती करायची, ही पद्धत अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनी १९६०च्या दशकात जपानी आणि रशियन भाषांवर आजमावली. त्यामागचा विचार सरळ आहे : तान्हं मूल बोलण्याआधी कितीतरी महिने ऐकतं आणि ऐकलेल्यावर वागतं. इथेही तोंड उघडायची सक्ती नसल्यामुळे भीती जाते, आणि हालचालीशी जोडलेला शब्द लक्षात राहतो. मर्यादाही आहे. आज्ञा पाळून ‘का’ आणि ‘कशासाठी’ बोलता येत नाही. म्हणून सुरुवातीला किंवा नवे शब्द देताना हा खेळ उत्तम. वर्षभर तेवढाच चालला तर मात्र बाईंना जरूर विचारा.

खरी कमाल चिठ्ठ्यांची. एका मुलाकडे लोकलच्या वेळापत्रकाचा अर्धा भाग, दुसऱ्याकडे उरलेला. सकाळी दहाच्या आत दादरला पोचायचं, तर नालासोपाऱ्याहून कोणती गाडी धरायची? एकमेकांना विचारल्याशिवाय उत्तर निघतच नाही, आणि विचारायचं इंग्रजीतच. असं काम देऊन भाषा शिकवण्याचा एक मोठा प्रयोग आपल्याच देशात झाला. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या शाळांत तो चालवला, आणि त्यात नकाशे आणि वेळापत्रकं होती. आधी शिक्षक सगळ्या वर्गासोबत तसंच एक काम सोडवायचे, मग मुलं स्वतः. ही आधीची पायरी गाळली की खेळाचा नुसता गोंधळ होतो.

गलक्याला घाबरू नका. चाळीस मुलांच्या वर्गात एकेकाला उभं केलं, तर एका तासात प्रत्येकाच्या वाट्याला मिनिटभरही येत नाही. जोड्या केल्या की वीस जण एका वेळी बोलतात. खेळाचे नियम बाईंनी मराठीत सांगितले तरी बिघडत नाही, उलट वेळ वाचतो. आणि बोलता बोलता चूक झाली की तिथेच टोकू नये. मूल वाक्य सोडून चुकीकडे पाहू लागतं आणि पुढच्या वेळी गप्प बसतं. काम संपल्यावर चार चुका फळ्यावर घेतल्या की पुरे. व्याकरण याच वेळी शिकवावं. तेव्हा मुलांना ते हवं असतं.

हे फक्त शहरातल्या शाळांना जमतं असंही नाही. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या गाडीवाट गावी जिल्हा परिषद शाळेतल्या मुलांनी यंत्रमानवांच्या ओढीने चक्क जपानी निवडली. शिकवणी ऑनलाइन होती आणि सगळ्यांकडे स्मार्टफोन नव्हते, तेव्हा शिकलेली मुलं ‘विषयमित्र’ होऊन इतरांना शिकवू लागली. दुसऱ्याला शिकवणं हाही भाषेचा फार मोठा सराव आहे.

राहिली कोरी वही. तुमची ही तक्रार मला रास्त वाटते. बोलून झालेलं त्याच दिवशी लिहिलं नाही तर निसटतं. बाईंना भेटा आणि सुचवा, की वेळापत्रकाचा खेळ झाला की शेवटची दहा मिनिटं राखून तोच प्रवास मुलांनी पाच वाक्यांत लिहावा. घरी मुलाला शब्दांचे अर्थ विचारू नका. ती पाच वाक्यं वही मिटून सांगायला लावा. शब्द थोडे इकडेतिकडे झाले तरी चालतील, गाडी बरोबर पकडली म्हणजे झालं.