वखारवाल्याचा हिशोब: घट कुठे धरायची?

व्हिडिओत सॉ मिलचं उदाहरण घाईत उरकलं, म्हणून इथे नीट सांगतो.

नाशिकसह महाराष्ट्रभर लाकडाची वखार म्हटली की कच्छी पाटीदार कुटुंबं आठवतात. गावाकडून आलेला मुलगा आधी नातेवाइकाच्या वखारीत राबायचा, मग स्वतःची टाकायचा. पहिला धडा मापाचा. समजा ओंडक्याचा घेर 48 इंच, लांबी 10 फूट. घेराचा चौथा हिस्सा 12. मग 12 गुणिले 12 गुणिले 10, भागिले 144. झाले 10 घनफूट. खरं तर तो गोल ओंडका पावणेतेरा घनफुटांच्या आसपास भरतो! साल, भुसा, वाया जाणाऱ्या कडा, ही सगळी घट मापातच धरलेली. (आपण कोटेशन देताना धरतो का?)

पण एक घट मापात नव्हती: मालच बंद होण्याची. 12 डिसेंबर 1996 ला सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात जंगलातली विनामंजुरी तोड आणि तिथल्या सॉ मिल थांबवल्या. 2002 पासून नवी सॉ मिल काढणंही अवघड झालं. परदेशी लाकडावर भिस्त ठेवावी, तर 1 एप्रिल 2014 पासून म्यानमारने ओंडक्यांची निर्यात थांबवली. नुसतं कापून देणाऱ्यांचे हाल झाले. ज्यांनी प्लायवूड, दारं, पॅलेट असं काही जोडीला धरलं, त्यांना वाट मिळाली.

आता वही काढा. तुमचा मुख्य माल किती जणांकडून येतो? त्यातला मोठा उद्या बंद झाला, तर दुकान किती दिवस चालेल? आकडा लिहून ठेवा, पुढच्या व्हिडिओत तोच घेऊन बसू.