एक यंत्र, अनेक संचालन-प्रणाली
मेनफ्रेम संगणकाचे विभाग व त्यांची मांडणी

पुण्याच्या शुक्रवार पेठेतील मंडईची इमारत १८८६ साली उभी राहिली. मुंबई इलाख्याचे तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव प्रथम तिला देण्यात आले होते. पुढे ती महात्मा फुले मंडई या नावाने ओळखली जाऊ लागली. मध्यभागी उंच मनोरा, वर एकच छप्पर आणि खाली भाजी-फळांचे अनेक गाळे अशी तिची रचना आहे. प्रत्येक गाळ्याचा माल निराळा, तराजू निराळा, गल्ला निराळा. छप्पर, पाणी, दिवे व ये-जा करण्याच्या वाटा मात्र सर्वांच्या सामाईक. एखादा गाळा बंद राहिला म्हणून शेजारचा व्यवहार थांबत नाही.

मोठ्या संगणकाच्या, म्हणजे मेनफ्रेमच्या बाबतीत नेमकी हीच व्यवस्था करता येते. एकाच यंत्राचे अनेक विभाग पाडून प्रत्येकात वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजेच संचालन-प्रणाली, एकाच वेळी चालविता येते. बँका, विमा संस्था, विमान कंपन्या आणि शासकीय खाती यांची मोठी कामे जगभर या पद्धतीने चालत आली आहेत. ज्यांच्या हाती अशा कामांचे नियोजन अथवा देखरेख असते, त्यांना या व्यवस्थेची मूलतत्त्वे ठाऊक असणे उपयुक्त ठरेल.

गरज कशी निर्माण झाली?

संचालन-प्रणाली ही यंत्राची कारभारी होय. कोणत्या कामाला केव्हा वेळ द्यावयाचा, स्मृतीतील कोणती जागा द्यावयाची, डिस्कवर कोठे लिहावयाचे हे ती ठरविते. आज्ञावली तिच्या आधारानेच लिहिलेली असते. त्यामुळे प्रणाली बदलली की आज्ञावलीही तपासावी लागते आणि कित्येकदा नव्याने लिहावी लागते. वर्षानुवर्षे चाललेले वेतनाचे किंवा हिशेबाचे काम एका रात्रीत नव्या प्रणालीवर नेणे शक्य नसते. आणि दोन कारभाऱ्यांसाठी दोन यंत्रे घेणे खर्चाचे असते.

या अडचणीवर १९६० नंतरच्या दशकात उपाय निघू लागले. आयबीएम कंपनीने १९६४ साली सिस्टिम/३६० ही मालिका जाहीर केली. याच कंपनीच्या अमेरिकेतील केंब्रिज येथील केंद्रात, एकाच यंत्राची अनेक आभासी यंत्रे निर्माण करणारी आज्ञावली तयार झाली. तिचीच परिणत आवृत्ती १९७२ साली व्हीएम/३७० या नावाने बाजारात आली. प्रत्येक आभासी यंत्राला संपूर्ण संगणक आपलाच आहे असे वाटते. प्रत्यक्षात व्हीएम त्यांच्यात वेळ व जागा वाटून देत असते.

ब्रिटनच्या आयसीएल कंपनीपुढेही हाच प्रश्न उभा राहिला. या कंपनीचे पुण्याशी जुने नाते होते; तिच्या १९०० मालिकेतील संगणकांची जुळणी पुण्याच्या कारखान्यात होत असे. १९७४ साली २९०० ही नवी मालिका आली, तेव्हा जुन्या ग्राहकांची कामे जॉर्ज या जुन्या प्रणालीवर चालत होती. त्यांच्यासाठी आयसीएलने सीएमई ही सोय दिली. तिच्यामुळे जुन्या यंत्राचे वातावरण आणि व्हीएमई ही नवी प्रणाली एकाच २९०० संगणकावर शेजारी शेजारी चालू शकली. जुने काम न थांबविता नवे काम उभे करता आले, हे तिचे महत्त्व.

पुढे विभाजनाचे काम यंत्राच्या अंगभूत रचनेतच आले. आयबीएमने १९८८ साली ३०९० संगणकांवर पीआर/एसएम ही व्यवस्था दिली. तीतील विभागांना एलपार असे म्हणतात. २०१५ सालच्या झेड १३ या यंत्रात असे ८५ विभाग पाडता येत होते. झेड/ओएस, झेड/व्हीएम, लिनक्स अशा भिन्न प्रणाली अशा विभागांत एकत्र नांदतात.

वाटणीचे तीन घटक

विभाग मांडताना तीन गोष्टींची वाटणी करावी लागते : प्रोसेसरचा वेळ, स्मृती आणि डिस्क, छपाईयंत्र इत्यादींकडे जाणारे मार्ग. तिन्हींचे नियम भिन्न आहेत.

(१) प्रोसेसर : प्रोसेसर एखाद्या विभागास कायमचा देता येतो किंवा अनेकांत सामाईक ठेवता येतो. सामाईक असल्यास प्रत्येक विभागाला भारांक देण्यात येतो. समजा, एका यंत्रात ४ सामाईक प्रोसेसर आहेत आणि तीन विभाग पाडावयाचे आहेत : वेतनाचे चालू काम, नव्या आज्ञावल्यांची चाचणी आणि लिनक्सवरील नागरिकांच्या अर्जांचे काम. त्यांना अनुक्रमे ६०, २५ व १५ असे भारांक दिले, तर त्यांच्या वाट्यास २.४, १ व ०.६ प्रोसेसर इतका वेळ येतो. हा हमीचा वाटा होय. चाचणीचा विभाग रिकामा असेल, तर त्याचा वेळ इतरांना वापरता येतो. सर्वांना एकदम काम आले, की मात्र वाटणी भारांकाप्रमाणेच होते. एखाद्या विभागाने आपल्या वाट्यापलीकडे कधीच जाऊ नये असे वाटल्यास त्याला कमाल मर्यादाही घालता येते.

विभागाला किती तार्किक प्रोसेसर दिसावेत, हे स्वतंत्रपणे सांगावे लागते. वरील उदाहरणात वेतनाच्या विभागास दोनच तार्किक प्रोसेसर दिले, तर २.४ चा हक्क कागदावरच राहील. कारण दोनांपेक्षा अधिकांवर त्याचे काम चालूच शकणार नाही. भारांक आणि ही संख्या यांचा मेळ घालणे म्हणूनच आवश्यक आहे. तसेच, काही प्रोसेसर केवळ लिनक्ससाठी म्हणून घेता येतात. ते स्वस्त पडतात. परंतु त्यांच्यावर झेड/ओएस चालत नाही, हे खरेदीपूर्वी ध्यानात ठेवावे.

(२) स्मृती : वेळ उसना देता येतो, स्मृती तशी देता येत नाही. विभागास दिलेली स्मृती त्याच्याच मालकीची. ती रिकामी पडली तरी शेजाऱ्यास आपोआप मिळत नाही. ६४ गिगाबाइटपैकी ४०, १२ व ८ अशी वाटणी केली, तर ४ शिल्लक राहतात. ही शिल्लक हेतुपूर्वक ठेवावी आणि ज्या विभागाचे काम वाढण्याचा संभव आहे, त्याच्या नावे ती राखीव म्हणून आधीच नोंदवावी. तशी नोंद असेल तर प्रणाली चालू असतानाही स्मृती वाढविता येते. नसेल तर विभाग बंद करून पुन्हा सुरू करण्याची पाळी येते.

(३) मार्ग : कोणत्या विभागाने कोणत्या मार्गाने कोणत्या उपकरणापर्यंत जावे, याची यादी यंत्रास आधी द्यावी लागते. मार्ग सामाईक ठेवता येतात, त्यामुळे तारा व खर्च वाचतो. परंतु मार्ग सामाईक असला तरी उपकरण सामाईक असावे असे नाही. प्रत्येक डिस्कसाठी अधिकृत विभागांची यादी स्वतंत्रपणे ठरविता येते.

मोठा धोका येथेच संभवतो. विभागांच्या भिंती यंत्राने राखलेल्या असल्यामुळे एकाला दुसऱ्याची स्मृती वाचता येत नाही. एकच डिस्क दोघांना दिसत असेल, तर मात्र ही भिंत उपयोगाची नाही. झेड/ओएसने लिहिलेल्या डिस्कवरील नोंदींचा लिनक्सला पत्ता नसतो. ती डिस्क कोरी समजून कोणी नव्याने आखली, तर मूळ नोंदी नष्ट होतात. म्हणून चालू कामाच्या डिस्का चाचणीच्या विभागास दिसूच नयेत, अशी मांडणी करावी. ‘कोणी हात लावणार नाही’ या भरवशापेक्षा ‘कोणाचा हात पोहोचणार नाही’ ही व्यवस्था बरी.

प्रत्यक्ष क्रम

प्रथम मार्ग व उपकरणांची यादी तयार करून ती यंत्रात नोंदविली जाते. त्यानंतर नियंत्रण-स्थानकावरून प्रत्येक विभागाचे वर्णनपत्र भरले जाते. त्यात प्रोसेसर, भारांक, स्मृती व सुरक्षेचे अधिकार यांचा समावेश असतो. मग विभाग कार्यान्वित करण्यात येतो आणि शेवटी ठरलेल्या डिस्कवरून त्याची संचालन-प्रणाली स्मृतीत चढविली जाते. एक विभाग बंद करून पुन्हा सुरू करताना इतरांचे काम चालूच राहते.

विभागाचे घड्याळही वेगळे ठेवता येते. २००० सालापूर्वी तारखेतील वर्षाच्या दोन अंकांचा प्रश्न जगभर गाजला. तेव्हा अनेक संस्थांनी स्वतंत्र विभागात पुढील तारीख लावून आज्ञावल्यांची परीक्षा घेतली. चालू काम आजच्या तारखेवर आणि चाचणी उद्याच्या तारखेवर, असे दोन्ही एका यंत्रावर साधले.

मर्यादा

विभाग वेगळे असले तरी वीजपुरवठा, थंड हवेची सोय व यंत्र ही एकच असतात. छप्पर कोसळले तर सर्व गाळे एकदमच बंद होतात. म्हणून दुसऱ्या ठिकाणी पर्यायी यंत्र आणि नोंदींची नियमित प्रत यांना विभागणी हा पर्याय नव्हे. तसेच प्रत्येक प्रणालीची देखभाल, तिचे परवाना-शुल्क व तिचे जाणकार कर्मचारी यांचा खर्च विभागागणिक वाढतो. केवळ शक्य आहे म्हणून विभाग वाढवू नयेत.

विभागणीचा प्रस्ताव समोर आल्यास पाच प्रश्न अवश्य विचारावेत. महिनाअखेरीस सर्वांना एकदम काम आले तर कोणाच्या कामास अग्रक्रम मिळेल? तो भारांकात उतरला आहे काय? चालू नोंदी चाचणीच्या विभागास दिसतात काय? वाढीसाठी स्मृती राखून ठेवली आहे काय? आणि सर्व यंत्रच बंद पडले तर काम कोठून सुरू होईल? शिक्षकाचे वेतन वेळेवर निघणे किंवा ग्रामस्थाला दाखला त्याच दिवशी मिळणे या गोष्टी अखेर अशाच निर्णयांवर अवलंबून असतात. या प्रश्नांची उत्तरे यंत्र देत नाही. ती कामाचे महत्त्व जाणणाऱ्या अधिकाऱ्यांनी व लोकप्रतिनिधींनी ठरवावयाची असतात. तंत्रज्ञाने ती अंकांत मांडावयाची असतात.