आकाशाशी ओळख

ताऱ्यांचा अभ्यास म्हटला की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे मोठी दुर्बीण उभी राहते. परंतु दुर्बिणीचा शोध लागण्यापूर्वी सहस्रावधी वर्षे मनुष्य आकाश पाहत आला. खलाशांनी ताऱ्यांवरून दिशा ओळखल्या, शेतकऱ्यांनी ऋतू जाणले. ते सारे कार्य नुसत्या डोळ्यांनी झाले. नवशिक्याला आजही तेवढीच सामग्री पुरते. तिला चिकाटीची जोड मात्र हवी.

आकाशदर्शनास अमावास्येच्या आसपासची निरभ्र रात्र उत्तम. कारण पौर्णिमेच्या चांदण्यात मंद तारे लोपतात. विजेच्या दिव्यांनीही तेच होते. शहरांतील झगमगाटामुळे आता अनेक मुलांना आकाशगंगेचा दुधाळ पट्टा पाहावयासच मिळत नाही. म्हणून दिवे थेट डोळ्यांवर येणार नाहीत, अशी गच्ची किंवा अंगण निवडावे. उजेडातून अंधारात आल्यावर डोळे सरावण्यास 20 ते 30 मिनिटे लागतात. तेवढा धीर धरणाऱ्यासच आकाश आपले वैभव दाखविते.

सारे तारे एकदम ओळखू पाहणारा गोंधळून जातो. नव्या गावी आलेला मनुष्य एका परिचिताकडून दुसऱ्याची ओळख करून घेतो, तसेच येथेही करावे. वैशाखात, म्हणजे एप्रिल-मे महिन्यांच्या सुमारास, रात्री आठ वाजता उत्तरेकडे तोंड केले की सप्तर्षींचे सात तारे उंचावर दिसतात. चार ताऱ्यांचा चौकोन आणि तीन ताऱ्यांची वाकडी शेपटी, असा त्यांचा आकार आहे. शेपटीतील मधला तारा वसिष्ठ. त्याच्या अगदी जवळ मंद अरुंधती आहे. चौकोनाच्या दुसऱ्या टोकाला पुलह व क्रतु हे तारे आहेत. पुलहापासून क्रतूपर्यंत मनाने रेषा काढावी आणि ती त्यांच्यातील अंतराच्या पाचपट पुढे न्यावी. तेथे ध्रुव भेटतो. तो फार तेजस्वी नाही; पण इतर तारे फिरत असता तो जवळजवळ एकाच जागी राहतो. हात लांब करून धरलेली मूठ आकाशाचे सुमारे 10 अंश झाकते. पुण्याहून ध्रुव क्षितिजापासून जेमतेम दोन मुठी उंच दिसतो.

हिवाळ्यात मृग हाच वाटाड्या होतो. माघात रात्री आठच्या सुमारास तो दक्षिणेस बराच उंच आलेला असतो. चार तारे हे हरणाचे पाय आणि मधले तीन तारे हा बाण. बाणाची रेषा खाली डावीकडे वाढविली की व्याध सापडतो. रात्रीच्या आकाशातील हा सर्वांत तेजस्वी तारा. त्याचा प्रकाश पृथ्वीवर येण्यास सुमारे साडेआठ वर्षे लागतात. बारा वर्षांच्या मुलाला आज दिसणारा त्याचा किरण तेथून निघाला, तेव्हा ते मूल साडेतीन वर्षांचे होते!

जे दिसेल ते तारीख, वेळ व दिशा यांसह वहीत टिपावे. अशा टिपणांचे मोल केवढे असते, हे राधागोविंद चंद्र यांच्या चरित्रावरून कळते. आज बांगलादेशात असलेल्या जसोर येथे ते सरकारी खजिन्यात साध्या पदावर काम करीत. विद्यापीठाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. 1910 साली हॅलेचा धूमकेतू त्यांनी साध्या दुर्बिणीतून पाहिला. 1918 साली गरुड तारकापुंजात अकस्मात उजळलेला नवतारा त्यांच्या दृष्टीने अचूक हेरला. कारण तेथील नेहमीचे तारे त्यांच्या पूर्ण परिचयाचे होते. पुढे तेज कमीअधिक होणाऱ्या ताऱ्यांची 37 हजारांहून अधिक निरीक्षणे त्यांनी अमेरिकेतील निरीक्षकसंस्थेकडे पाठविली. जुने ओळखीचे असते, त्यालाच नवे दिसते.

स्वाध्याय

1. ध्रुव कसा शोधावा, ते आकृती काढून सांगा.
2. राधागोविंद चंद्र यांना नवतारा का ओळखता आला?
3. एकच तारा पंधरा दिवसांच्या अंतराने त्याच वेळी पाहा. त्याच्या जागेत पडलेला फरक वहीत लिहा.