√८ + √१८ म्हणजे √२६ का नाही?

प्रश्न : मी नववीत आहे. √८ × √१८ = √१४४ बरोबर आलं, पण √८ + √१८ = √२६ लिहिलं तर सरांनी फुली मारली. असं का? आणि छेदातली करणी कशी घालवायची?
– एक विद्यार्थिनी, चिखलदरा

उत्तर : आधी किंमत ताडून बघ. √८ सुमारे २.८३, √१८ सुमारे ४.२४, बेरीज ७.०७. √२६ मात्र जेमतेम ५.१०. गुणाकारात दोन संख्या एकाच मुळाखाली घेता येतात, बेरजेत नाही. म्हणून पूर्ण वर्ग बाहेर काढ : √८ = √(४×२) = २√२, √१८ = √(९×२) = ३√२. आता दोन्ही करणी सजातीय झाल्या, बेरीज ५√२.

भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात ‘बीजगणिता’त हेच विचारलंय : २ व ८, ३ व २७, ३ व ७ या करणींची बेरीज सांगा. पहिल्या दोन जोड्यांची उत्तरं ३√२ आणि ४√३. तिसरी जोडी जुळतच नाही. √३ + √७ तसंच ठेवायचं.

छेदासाठी अनुबद्ध जोडी घे. १/(√५ − √३) असेल तर अंश आणि छेद दोन्हींना (√५ + √३) ने गुण. छेद ५ − ३ = २ होतो, उत्तर (√५ + √३)/२. मधलं चिन्ह बदलायला विसरलीस, तर छेदात ८ − २√१५ येईल आणि करणी तिथंच ठाण मांडून बसेल.